दवाखान्यासाठी सुट्टी हवीय, पण किती दिवस आधी सांगायचं? आणि न सांगता गेलं तर नोकरी जाते का?

वणीतून नाशिकला तपासणीला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. सकाळची एसटी पकडायची, सव्वा-दीड तासानं नाशिकला उतरायचं, तिथून रिक्षानं सिव्हिल नाहीतर संदर्भ सेवा रुग्णालय गाठायचं. केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, मग रक्त द्यायची रांग, आणि शेवटी "रिपोर्ट दुपारनंतर मिळेल". डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघितलेली वेळ असते पाच मिनिटं. मस्टरवर मात्र पूर्ण दिवस लाल.

आता हा दिवस कामावरून काढायचा कसा, यावर प्रत्येकाचं आपापलं उत्तर असतं. कुणी आदल्या रात्री सुपरवायझरला मेसेज टाकतं. कुणी सोबतच्या माणसाला "साहेबांना सांग रे" म्हणून निरोप देतं. कुणी काहीच सांगत नाही आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांचं पाकीट दाखवतं. आणि बरेच जण तर सुट्टी मागायला नको म्हणून तपासणीच पुढे ढकलतात. शुगर वाढलेली असते, छातीत दुखत असतं, पण "सीझन संपू दे, मग बघू".

तर प्रश्न साधा आहे. दवाखान्यात जायचं असेल तर मालकाला, कंपनीला किती दिवस आधी सांगणं बंधनकारक आहे? नाही सांगितलं तर काय होऊ शकतं? आणि सांगूनही "नाही" म्हणाले तर?

आधी एक गोंधळ दूर करू

आपण "साहेबांना सांगितलं होतं" असं एका दमात बोलून जातो. पण कागदावर या तीन वेगळ्या गोष्टी असतात. कळवणं ही एक, रजेचा अर्ज करणं ही दुसरी, आणि रजा मंजूर होणं ही तिसरी.

बहुतेक भांडणं होतात ती इथेच. कामगार म्हणतो, मी कळवलं होतं. कंपनी म्हणते, अर्ज कुठे आहे? अर्ज असेल तर म्हणते, मंजूर कुठे झाला होता? दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत असतात.

भारतात "डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटसाठी रजा" अशी स्वतंत्र रजा खासगी नोकरीत कायद्यानं दिलेली नाही. म्हणजे तो दिवस तुम्हाला कुठल्या तरी दुसऱ्या खात्यातून काढावा लागतो. किरकोळ रजा, भरपगारी वार्षिक रजा, ईएसआयचा आजारपणाचा लाभ, प्रसूती रजा, नाहीतर बिनपगारी. आणि या प्रत्येक खात्याचा आधी कळवण्याचा नियम वेगळा आहे. म्हणून "किती दिवस आधी" याचं उत्तर तुम्ही कुठे काम करता यावर ठरतं.

कारखान्यात असाल तर : 15 दिवसांचा नियम आणि त्यातली महत्त्वाची पळवाट

वणी, लखमापूर, जानोरी, अक्राळे या पट्ट्यातली बरीच तरुण मंडळी कारखान्यांत आहेत. त्यांच्यासाठी 1948 चा कारखाने अधिनियम हा इतकी वर्षं मूळ कायदा होता. त्याचं कलम 79 रजेबद्दल आहे. वर्षात 240 दिवस काम केलं असेल, तर पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा.

ही रजा हवी असेल तर ती सुरू होण्याच्या किमान 15 दिवस आधी व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करायचा. लोकोपयोगी सेवेत असाल तर 30 दिवस आधी. आणि वर्षातून जास्तीत जास्त तीन वेळाच.

आता तुम्ही म्हणाल, ताप काय 15 दिवस आधी सांगून येतो का? कायदा लिहिणाऱ्यांनाही हे कळत होतं. म्हणून त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात स्पष्ट म्हटलंय की, आजारपणासाठी ही शिल्लक रजा वापरायची असेल तर अर्ज 15 दिवस आधी केलेला नसला तरी ती दिलीच पाहिजे.

एचआरच्या फळ्यावर फक्त पहिला भाग लिहिलेला असतो. "रजेसाठी 15 दिवस आधी अर्ज करावा." दुसरा भाग कुणी लिहीत नाही. आणखी एक गोष्ट कमी जणांना माहीत असते. वेळेत केलेला अर्ज मनाला येईल तसा नाकारता येत नाही. कारखान्यात रजेचं वेळापत्रक ठरवणारी योजना लागू असेल, तर त्या योजनेला धरूनच नकार देता येतो, अशी तरतूद त्याच कलमात होती.

"होती" म्हणायचं कारण असं की 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियम त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कामगाराच्या फायद्याचा बदल म्हणजे भरपगारी रजेसाठी लागणारे कामाचे दिवस 240 वरून 180 झाले. दर 20 दिवसांना एक दिवस हे प्रमाण तेच राहिलं. पण किती दिवस आधी अर्ज करायचा, आजारपणात काय सवलत, ही जुन्या कलमातली सविस्तर भाषा संहितेच्या रजेच्या कलमात तशी उतरलेली नाही. त्यामुळे तुमच्या कंपनीचे स्थायी आदेश काय म्हणतात, याला आता जास्त वजन आलंय.

स्थायी आदेश म्हणजे कंपनीचं नियमपुस्तक. हजेरी, रजा, शिस्त, कारवाई सगळं त्यात असतं. कामावर लागताना सह्या घेतलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात ते कुठे तरी असतं. नसेल तर मागून घ्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती 300 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच आहे. छोट्या कंपनीत असाल तर नियुक्तीपत्रात रजेबद्दल लिहिलेली ओळ हाच तुमचा नियम.

आणि ठेकेदारामार्फत कामाला असाल तर? या पट्ट्यात अशांची संख्या मोठी आहे. तुमचा कागदोपत्री मालक ठेकेदार असतो, आणि रोजचं काम सांगणारा कंपनीचा सुपरवायझर. एकाला सांगितलं की दुसरा म्हणतो "मला माहीतच नव्हतं". म्हणून मेसेज दोघांनाही जायला हवा.

दुकान, ऑफिस, शोरूम : आठ दिवस, एवढंच

वणीच्या बाजारपेठेतलं कापडाचं दुकान, मेडिकल, पतसंस्था, नाशिकमधलं ऑफिस किंवा मॉल, यांना महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. मूळ कायदा 10 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा 20 वर नेण्याला मंजुरी दिली. म्हणजे पाच-सात पोरं असलेल्या दुकानात या कायद्यातला रजेचा हक्क नाहीच.

जिथे लागू आहे तिथे वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा मिळते. ती तिमाहीनुसार खात्यात जमा होते आणि वर्ष संपलं की बुडते. शिवाय 240 दिवस भरले तर दर 20 दिवसांना एक अशी वार्षिक रजा, जी 45 दिवसांपर्यंत साठवता येते. इथेही 15 दिवसांचा आकडा आहे, पण तो कामगाराच्या बाजूनं आहे. तुम्ही 15 दिवस आधी अर्ज केला आणि तरीही मालकानं रजा नाकारली, तर 45 दिवसांच्या वरची शिल्लक रोखीत मागायचा हक्क मिळतो.

आजारपणाची म्हणून वेगळी रजा या कायद्यात नाही. त्यामुळे तपासणी, लग्नकार्य, गावची जत्रा, मुलाचा शाळाप्रवेश, सगळं त्याच आठ दिवसांत बसवायचं. मधुमेहाचा पेशंट दर महिन्याला एक दिवस नाशिकला जात असेल तर ऑगस्टमध्येच खातं रिकामं.

इथे मालकाची बाजूही बघायला हवी. चैत्रोत्सव आणि नवरात्रात सप्तशृंगगडाच्या वाटेवरच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. चार माणसांच्या दुकानातला एक माणूस त्या दिवशी सकाळी फोन करून "आज येत नाही" म्हणाला, तर मालकाचं खरंच नुकसान होतं. त्याला चार दिवस आधी कळलं असतं तर त्यानं भाच्याला बोलावलं असतं. आधी कळवायच्या नियमामागचं कारण एवढंच आहे. बदली माणूस उभा करायला वेळ मिळावा.

ईएसआय आहे, पण एका दिवसासाठी नाही

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का बघा. महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि तुमची कंपनी योजनेत असेल, तर तुमच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि कंपनी 3.25 टक्के भरते.

या योजनेत आजारपणाचा रोख लाभ असतो. सरासरी रोजच्या पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ढोबळ हिशोब करायचा तर 15,000 पगार असणाऱ्याचा रोज साधारण 500 पडतो, म्हणजे लाभ दिवसाला 350 रुपये. क्षयरोग, कर्करोग अशा लांब चालणाऱ्या आजारांच्या यादीत नाव असेल तर हा दर 80 टक्क्यांवर जातो आणि मुदतही वाढते.

पण आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ साधारणपणे मिळत नाही. म्हणजे फक्त तपासणीसाठी गेलेल्या एका दिवसाला ईएसआयचा रोख लाभ उपयोगी नाही. तो दिवस किरकोळ रजेतूनच जाणार. ईएसआयच्या डॉक्टरांनी "कामावर जाण्यास असमर्थ" असं प्रमाणपत्र दिलं आणि आजारपण लांबलं, तर मात्र हीच योजना घर चालवते.

दुसरा फायदा पैशापेक्षा मोठा आहे. ईएसआय कायद्याच्या कलम 73 मध्ये म्हटलंय की, आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही किंवा शिक्षाही करता येत नाही. म्हणून खासगी डॉक्टरकडे उपचार सुरू असले, तरी लांबचं आजारपण असेल तर ईएसआय दवाखान्यात नोंद करून ठेवणं शहाणपणाचं. नाशिककरांसाठी सातपूरला ईएसआयचं रुग्णालय आहे.

गरोदर महिलेनं आधी सांगितलं नाही म्हणून हक्क जातो का?

नाही. आणि हे कायद्यात इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलंय की त्यावर वाद घालायला जागा नाही. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात महिलेनं लेखी नोटीस द्यावी असं आहे. कधीपासून सुट्टी घेणार, लाभाची रक्कम कुणाला द्यायची, हे त्यात लिहायचं. पण गरोदरपणात नोटीस दिली नसेल तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर देता येते. आणि नोटीस दिलीच नाही म्हणून लाभाचा हक्क बुडत नाही, हेही त्याच कलम 6 मध्ये आहे.

2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 26 आठवड्यांची झाली. गर्भपात झाला तर सहा आठवडे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना. आता हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय.

पण रजेच्या आधीच्या तपासण्यांचं काय? सोनोग्राफी, रक्त, बीपी? यासाठी वेगळी रजा नाही. एक सोय मात्र आहे. 2016 पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. तारीख ठरलेली, त्यामुळे पुढच्या सहा महिन्यांच्या सुट्ट्यांचा अर्ज एकाच कागदावर आजच देता येतो. एवढा आधी दिलेला अर्ज नाकारताना साहेबालाही दोनदा विचार करावा लागतो.

न सांगता गेलं तर नोकरी जाते का?

सगळ्यांना भीती असते ती याचीच. आणि ती अगदीच खोटी नाही.

महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये वारंवार विनापरवाना गैरहजर राहणं आणि सलग 10 दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहणं, या दोन्ही गोष्टी गैरवर्तनात मोडतात. म्हणजे एखाद्या दिवसाची दांडी हे लगेच नोकरी जाण्याचं कारण नाही. पण दर महिन्याला न सांगता एक-दोन दिवस गायब, असं वर्षभर चाललं तर "वारंवार" या शब्दात तुम्ही अडकू शकता. दर महिन्याला तपासणीला जाणाऱ्या पेशंटला सर्वात जास्त धोका याच शब्दाचा आहे. त्याची गैरहजेरी खरोखरच वारंवार असते. फरक एवढाच की ती कळवलेली असली तर गैरवर्तन ठरवणं अवघड जातं.

काही कंपन्यांच्या नियमात आणखी कडक ओळ असते. आठ दिवस विनारजा गैरहजर राहिलात तर नोकरी आपोआप संपली. असंच एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज, निकाल 1993 चा. कंपनीचं म्हणणं होतं की 3 डिसेंबर 1980 पासून हा कामगार आठ दिवसांहून जास्त आला नाही, त्यामुळे स्थायी आदेशानुसार त्याचं नाव आपोआप पटावरून गेलं. कामगाराचं म्हणणं होतं की मी रोज येत होतो, मला गेटवरच अडवलं. कामगार न्यायालयानं कंपनीचं ऐकलं. सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. माणसाची रोजीरोटी जाणार असेल तर त्याला बाजू मांडायची संधी आणि चौकशी हवीच, स्थायी आदेशात "आपोआप" लिहिलं म्हणून ती टाळता येत नाही, असं कोर्टानं सांगितलं. कामगाराला परत कामावर घ्यायला लावलं आणि मागचा निम्मा पगार द्यायला लावला.

तारखा नीट बघा. 1980 ला गेट बंद झालं, निकाल आला 1993 ला. तेरा वर्षं. कायदा बाजूनं होता, तरीही.

2012 मध्ये कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं आणखी एक मुद्दा पक्का केला. गैरहजर राहिला एवढंच पुरेसं नाही, ती गैरहजेरी जाणूनबुजून होती हे चौकशीत सिद्ध व्हायला हवं. आजारपण, अपघात, दवाखान्यात दाखल असणं अशा नाइलाजामुळे कुणी येऊ शकलं नसेल, तर त्याला कर्तव्यात कसूर म्हणता येत नाही. प्रकरण सरकारी कर्मचाऱ्याचं होतं, पण युक्तिवाद खासगी नोकरीतल्या चौकशीतही मांडला जातो.

थोडक्यात, गैरहजेरी जाणूनबुजून नव्हती हे दाखवायला तुमच्याकडे काय आहे, यावर सगळं येऊन थांबतं. केसपेपर, औषधांचं बिल, एसटीचं तिकीट, आणि त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी पाठवलेला मेसेज.

मेसेजमध्ये काय लिहायचं?

फोनवर सांगितलेलं हवेत जातं. बोललात तरी मागाहून दोन ओळी लिहून पाठवा. साधारण असं :

"नमस्कार सर. गुरुवारी 14 तारखेला माझी नाशिक सिव्हिलला तपासणी आहे. डॉक्टरांनी ही तारीख दिली आहे, केसपेपरचा फोटो सोबत. त्या दिवसाची किरकोळ रजा मंजूर करावी ही विनंती. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला हजर राहीन. बुधवारी माझं पॅकिंगचं काम पूर्ण करून देतो."

बघा, यात तारीख आहे, कारण आहे, रजेचा प्रकार आहे, परत कधी येणार ते आहे. आजाराचं नाव नाही. ते लागतही नाही. "तपासणी आहे" एवढं पुरतं. फोटो पाठवताना केसपेपरवरचं आजाराचं नाव अंगठ्यानं झाकलं तरी चालतं. तारीख आणि दवाखान्याचा शिक्का दिसला म्हणजे झालं. ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका, थेट साहेबांना पाठवा. ग्रुपवर टाकलेल्या रिपोर्टवर संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर चर्चा झालेली असते.

एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. दर महिन्याला एआरटी केंद्रात औषधं आणायला जाणाऱ्या माणसाला आपली स्थिती सांगायची सक्ती मालक करू शकत नाही, आणि त्या कारणावरून नोकरीत भेदभावही करता येत नाही.

अचानक त्रास झाला तर? शिफ्ट सुरू व्हायच्या आत मेसेज जायला हवा. तेही जमलं नाही तर घरच्या माणसानं त्याच दिवशी पाठवावा. अमेरिकेतल्या 1993 च्या रजा कायद्यात हा फरक नीट मांडलाय. उपचार आधीच ठरलेले असतील तर 30 दिवस आधी सांगा, अचानक उद्भवलं तर शक्य तितक्या लवकर. तिथे लांबच्या आजारासाठी रजा तुकड्या-तुकड्यांनी, अगदी काही तासांचीही घेता येते. अर्थात ती रजा बिनपगारी असते आणि 50 पेक्षा कमी माणसांच्या कंपनीत सहसा मिळत नाही. तिकडे सगळं गोड आहे अशातला भाग नाही.

डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागणाऱ्यानं किंवा दर 21 दिवसांनी केमो घेणाऱ्यानं प्रत्येक वेळी नवा अर्ज करत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून एकच पत्र घ्यावं. किती महिने, कोणत्या वारी, किती वेळ. त्यावरून कायमची शिफ्ट बदलून मागता येते. सरकारी नोकरीत असाल आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांपैकी काही असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे आजार येतात आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोय मागायचा हक्क मिळतो. सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल आढळतो, त्यामुळे ही ओळ या भागासाठी कामाची आहे.

राहिलं प्रमाणपत्र. डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक वैद्यकीय प्रमाणपत्राची नोंद त्यांनी रजिस्टरमध्ये ठेवावी, असा त्यांच्या व्यवसायाच्या आचारसंहितेचा नियम आहे. कंपनीनं पडताळणी केली तर हे रजिस्टर उघडतं. मेडिकलवाल्याच्या ओळखीनं आणलेलं मागच्या तारखेचं प्रमाणपत्र इथेच पकडलं जातं, आणि मग साध्या गैरहजेरीचं प्रकरण खोट्या कागदपत्राचं होतं.

आणि ज्यांच्याकडे अर्ज द्यायला कुणीच नाही?

वरचं सगळं वाचून द्राक्षबागेत काम करणारी बाई म्हणेल, माझं काय? आणि तिचं बरोबर आहे.

वणी-दिंडोरीच्या बागांमध्ये ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत मजुरांच्या टोळ्या राबतात. काम उक्तं असतं, एकरावर ठरलेलं. टोळीतला एक माणूस कमी झाला की बाकीच्यांवर बोजा पडतो. त्यामुळे सुट्टी मालकाकडे नाही, टोळीकडे मागावी लागते. रजा, किरकोळ रजा, मंजुरी हे शब्द इथे नाहीतच. इथे एकच शब्द आहे, खाडा. आलात तर रोज, नाही आलात तर खाडा.

हा खाडा किती महाग पडू शकतो, याचं सर्वात भयंकर उदाहरण बीडमधून समोर आलं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दोघांपैकी एकानं दिवस बुडवला तर नुसती मजुरी जात नाही, वर खाड्याचा दंड लागतो. दिवसाला 500 रुपयांपर्यंतचे दंड असल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, पोटदुखी यासाठी दवाखान्यात जायचं म्हणजे प्रत्येक वेळी खाडा. मग एकदाच गर्भाशय काढून टाकलं की कटकट संपली, असा सल्ला मिळायला लागला आणि बायका ऑपरेशनला तयार व्हायला लागल्या. पंचविशी-तिशीतल्यासुद्धा.

राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 महिलांचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे जवळपास दर सहा जणींमागे एक. यात खासगी डॉक्टरांचा लोभ होता, चुकीची भीती घालणं होतं, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं होती. पण बायका ज्या हिशोबानं तयार झाल्या, त्यात खाडा होता. त्यानंतर बीडमध्ये अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. खाड्याचा दंड बंद करायला मात्र कुठल्या खात्याची परवानगी लागते, हे कुणी सांगितलं नाही.

दिंडोरीच्या बागेतली परिस्थिती बीडच्या फडासारखी नाही. इथे संध्याकाळी घरी जाता येतं, वणीत ग्रामीण रुग्णालय आहे, पिंपळगाव जवळ आहे. पण हिशोबाची रीत तीच आहे. इथे जे चालतं ते ओळखीवर. थिनिंगच्या गर्दीत नको, दोन दिवस आड करून जा, असं बागायतदार सांगतो. टोळीतल्या बायका आपसांत ठरवतात, आज तू जा, उद्या मी. काही टोळ्यांमध्ये दवाखान्याला गेलेल्या बाईचा वाटा कापायचा नाही असंही ठरलेलं असतं. ते कुठे लिहिलेलं नसतं.

सांगूनही नाही म्हणाले तर कुठे जायचं?

आधी नकार लेखी मागा. "सर, रजा मंजूर नाही असं मेसेजवर कळवाल का?" एवढं विचारलं की निम्म्या वेळा रजा मंजूर होते. नकार लिहून द्यायला कुणालाच आवडत नाही.

तरीही नाही म्हणाले आणि तपासणी टाळता येण्यासारखी नसेल, तर कळवून जा, कागद जपून ठेवा आणि परत आल्यावर लेखी खुलासा द्या. कारणे दाखवा नोटीस आली तर तिला उत्तर न देणं ही सर्वात मोठी चूक. मुदतीत उत्तर, सोबत कागदपत्रांच्या प्रती, आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच. कामावरून काढलं किंवा रजेचा पगार दिला नाही, तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. कंपनीत युनियन असेल तर आधी तिथे जा.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत चित्र थोडं बरं आहे. राज्य कर्मचाऱ्यांना वर्षाला आठ किरकोळ रजा, शिवाय अर्जित रजा आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेता येणारी परावर्तित रजा असते. किरकोळ रजा अर्ध्या दिवसाचीही घेता येते, जी दवाखान्यासाठी सर्वात सोयीची. तिथेही रजा हक्क म्हणून मागता येत नाही असा नियम 1981 च्या रजा नियमांत आहेच.

आणि चाळिशी ओलांडलेल्यांसाठी नव्या श्रम संहितांमधली एक गोष्ट. 40 वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकानं करून द्यायची आहे. ती कंपनीच्याच खर्चानं व्हायची असते. यंदाची तुमच्याकडे झाली का, हे एचआरला उद्या सकाळी विचारायला 15 दिवसांची नोटीस लागत नाही.